फलकामागील घर

आपला जुना वाडा ऐतिहासिक वास्तू म्हणून गणला जावा आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर तसा फलक लागावा, अशी इच्छा एखाद्या पुणेकर कुटुंबाने बोलून दाखविली, की चारचौघांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : तेथे राहत होते कोण? उत्तरादाखल एखाद्या लोकनेत्याचे वा महर्षीचे नाव सांगता आले तर माना डोलतात. ‘आमचे पणजोबा’ एवढेच सांगता आले तर विषय तेथेच संपतो. दुसरा प्रश्न घरातल्या घरात, हलक्या आवाजात विचारला जातो : फलक लागल्यावर घराचे पुढे काय? आमच्या मते यांतील पहिला प्रश्न अपुरा आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर देण्याची जबाबदारी नगराने अद्याप पुरतेपणी पत्करलेली नाही.

थोर पुरुषांचा व स्त्रियांचा निवास जेथे झाला त्या घरांचा मान राखलाच पाहिजे. परंतु शहराचा इतिहास म्हणजे काही थोरांच्या पत्त्यांची यादी नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने पुण्यात आले आणि सार्वजनिक हौदांप्रमाणेच अनेक वाड्यांच्या हौदांतही खेळू लागले. त्या योजनेची साक्ष आज ते हौदच देतात. १८९७ च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांनी झडत्या घेतल्या त्या सामान्य गृहस्थांच्या माजघरांच्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे धडाधड कोसळले. त्यांतून जे वाचले ते त्या दिवसाची स्मृती भिंतींत बाळगून उभे आहेत. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर या क्रमात तर त्या काळचा सारा समाज मांडलेला आहे : कोणाला बैठकीपर्यंत मुभा होती, बायकांचा वावर कोठे संपत होता, कोणाला दाराबाहेरच थांबावे लागत होते, आणि वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी कोणत्या पंक्तीला बसत होता. यातील काही आठवणी अभिमानाच्या आहेत, काही मान खाली घालावयास लावणाऱ्या आहेत. दोन्ही जपल्या पाहिजेत. आणि त्यासाठी घरात एखादा महापुरुष जन्मलाच पाहिजे, अशी अट घालण्याचे कारण नाही.

आता दुसरा प्रश्न. घरांवर फलक लावण्याची प्रथा लंडनने रूढ केली. १८६३ साली विल्यम यूअर्ट यांनी ती कल्पना पार्लमेंटात मांडली, आणि १८६७ साली तेथील सोसायटी ऑफ आर्ट्सने कवी बायरनच्या जन्मघरावर पहिला फलक बसविला. अवघ्या बावीस वर्षांनी, १८८९ साली, ते घरच पाडण्यात आले! लंडनमध्ये आज शेकडो घरांवर फलक आहेत. लोकमान्य टिळक १९१८-१९ साली हॉवली प्लेसमधील ज्या घरात राहिले, त्याच्यावरही आहे. पण तेथेदेखील फलक हे मानचिन्हच आहे. कायद्याचे संरक्षण हवे असेल तर वास्तूची वेगळी नोंद व्हावी लागते. पुण्यात महापालिकेने काही घरांवर निळे फलक बसविले आहेत. त्या उपक्रमाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु फलकाने गळके छप्पर शाकारले जात नाही, हेही सांगितले पाहिजे.

बुधवार पेठेतील भिडे वाड्याचे उदाहरण अजून ताजे आहे. एका गृहस्थाच्या याच वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. या घटनेचे महत्त्व कोणी नाकारीत नव्हते. तरीही स्मारकाचा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यांत अडकून पडला, आणि अखेर २०२३ च्या डिसेंबरात मोडकळीस आलेला तो वाडा पाडण्यात आला. तेथे स्मारक अवश्य व्हावे, आणि त्या थोर कार्यास शोभेल असेच व्हावे. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाढे ऐकले त्या भिंती आपल्याला राखता आल्या नाहीत. एवढ्या वंद्य वास्तूची ही गत, तर बिनफलकाच्या वाड्याची कथा काय सांगावी?

वाड्यांच्या मालकांना दोष देणे सोपे आहे. पण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि कौलांच्या दुरुस्तीलाही ती पुरेनाशी झाली. भाडेकरूही बहुधा ओढग्रस्तीतलेच. पुढे पिढ्या वाढल्या, हिस्सेदार वाढले. कोणी कोथरूडला, कोणी परदेशात गेले. म्हातारे आईवडील चौकातल्या तुळशीला पाणी घालीत आहेत आणि बिल्डरचा माणूस दाराशी उभा आहे, अशा वेळी इतिहासप्रेमाचा सारा खर्च त्या एकाच कुटुंबाने सोसावा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंविषयीचे नियम झाले. त्यांत वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या, आणि बांधकामावर बंधने आल्यामुळे मालकाचा जो विकासहक्क बुडतो तो अन्यत्र वापरता यावा अशी तरतूदही झाली. बंधन घालणाऱ्याने भरपाईही द्यावी, हे त्यातील तत्त्व रास्त आहे. फलक हा नगर आणि कुटुंब यांच्यातील करार मानला गेला पाहिजे. मान्यतेचे निकष लेखी व जाहीर असावेत. अर्जाचा निर्णय ठराविक मुदतीत व्हावा. मालमत्ता करात सवलत आणि दुरुस्तीस मदत मिळावी. लाकडाचे व चुन्याचे जुने काम जाणणारे कारागीर महापालिकेने उपलब्ध करून द्यावेत. उलटपक्षी, कुटुंबाने दर्शनी भाग व चौक राखावा, आणि वर्षातून काही दिवस तो विद्यार्थ्यांस व नागरिकांस पाहू द्यावा. खासगी घरावर सार्वजनिक पैसा का खर्चावा, या आक्षेपाचे उत्तर या परतफेडीत आहे.

कुटुंबांनाही आमचे सांगणे आहे. मान्यता मागावयाची तर पुरावा हाती हवा. खरेदीखते, मिळकत पत्रिका, जमाखर्चाच्या वह्या, जुनी छायाचित्रे, माळ्यावरील मोडी रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी जाणकारास दाखवावेत. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ याच शहरात उभे आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणी आताच लिहून घ्याव्यात. आणि सर्व हिस्सेदारांची संमती आधी मिळवावी. भाऊबंदकीत सापडलेल्या वाड्यास कोणताही फलक तारू शकणार नाही.

प्रत्येक जुने घर टिकेल, असे नव्हे. जे धोकादायक झाले ते माणसांच्या जिवावर उठेपर्यंत राखणे हा करंटेपणा होय. पण ते उतरविण्यापूर्वी त्याची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे नगराच्या दप्तरी जमा झालीच पाहिजेत. जे सावरता येईल त्याला मात्र वेळीच हात द्यावा. वाडा पडल्यावर मोकळ्या जागेवर फलक लावण्यास फारसा खर्च येत नाही. तो उभा असताना द्यावयाची मदत अंदाजपत्रकातच दिसली पाहिजे.