विश्लेषण : फुटबॉलवेडे जॉर्जिया राज्य कॉलेज बास्केटबॉलमध्ये मागे का?

१० जानेवारी २०२२ रोजी जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने अलाबामाला ३३-१८ असे हरवले आणि तब्बल ४१ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच हिवाळ्यात त्याच विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ ३२ सामने खेळला आणि त्यातले २६ हरला. विद्यापीठ एक, गाव एक, तिजोरीही एकच. मग एका खेळात अव्वल आणि दुसऱ्यात तळाला, असे का झाले? ‘फुटबॉलचेच वेड आहे, म्हणून’ हे नेहमीचे उत्तर. पण ते अर्धेच खरे आहे.

फुटबॉलचे वेड म्हणजे किती?

इथे जॉर्जिया म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातले राज्य. राजधानी अटलांटा. आणि फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा नव्हे, तर हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. जॉर्जिया विद्यापीठ अटलांटापासून साधारण ११० किलोमीटरवरच्या अथेन्स या गावात आहे. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. विद्यापीठाच्या सॅनफोर्ड स्टेडियममध्ये प्रेक्षक बसतात सुमारे ९३ हजार. संघाचे शुभंकर असलेल्या ‘अगा’ नावाच्या पांढऱ्या बुलडॉगांना मृत्यूनंतर याच स्टेडियममध्ये पुरले जाते. वेडाचे याहून वेगळे मोजमाप कशाला हवे?

बास्केटबॉलचे सामने होतात ते स्टेगमन कोलिझियम १९६४ सालचे, जेमतेम साडेदहा हजार क्षमतेचे. ते बांधले गेले तेव्हा जनावरांची प्रदर्शनेही तिथे भरवता यावीत, असा विचार होता. मार्च २०२३ मध्ये छताचा तुकडा खाली पडल्यामुळे ते दुरुस्तीसाठी बंद करावे लागले होते. ज्या हर्मन स्टेगमन यांचे नाव या इमारतीला आहे, ते फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अनेक विद्यापीठांत त्या काळी हीच रीत होती. मुख्य काम फुटबॉलचे, हिवाळ्यात हात रिकामे असतील तर बास्केटबॉल.

मग बास्केटबॉलमध्ये काहीच कमावले नाही?

तसे नाही. कॉलेज बास्केटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा दर मार्चमध्ये होते. २०२५ मध्ये तिच्यात ६८ संघ होते आणि एक सामना हरला की घरी, असा मामला असतो. शेवटच्या चार संघांना ‘फायनल फोर’ म्हणतात आणि तिथवर पोहोचणे हेच अनेक विद्यापीठांसाठी आयुष्यभराचे भांडवल असते. जॉर्जिया विद्यापीठाला या स्पर्धेत पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १९८३ मध्ये. आणि पहिल्याच फटक्यात, मायकल जॉर्डन खेळत असलेल्या गतविजेत्या नॉर्थ कॅरोलायनाला हरवून संघ थेट फायनल फोरमध्ये गेला. गंमत म्हणजे विद्यापीठाचा सर्वांत मोठा खेळाडू डॉमिनिक विल्किन्स त्याच्या आदल्याच वर्षी शिक्षण सोडून व्यावसायिक झाला होता. त्यानंतर २०२५ पर्यंत तरी पुरुष संघ पुन्हा तिथे पोहोचला नाही.

अटलांटातील जॉर्जिया टेकची कामगिरी यापेक्षा बरी. एमएससाठी अर्ज करणाऱ्या मराठी अभियंत्यांना हे नाव सांगायला नको. टेक १९९० आणि २००४ मध्ये फायनल फोरमध्ये गेले, २००४ मध्ये अंतिम सामना कनेक्टिकटकडून हरले. पण १९९० च्या त्या संघाचा सूत्रधार केनी अँडरसन न्यूयॉर्कचा होता आणि पुढे याच संघात आलेला स्टेफन मार्बरीही ब्रुकलिनचा. छोट्या विद्यापीठांनीही चमक दाखवली. मेकन गावच्या मर्सर विद्यापीठाने २०१४ मध्ये बलाढ्य ड्यूकला घरी पाठवले, तर पुढच्याच वर्षी जॉर्जिया स्टेटने बेलरला एका गुणाने हरवले. मुलाने निर्णायक बास्केट केली आणि पायाला प्लास्टर असलेले प्रशिक्षक वडील आनंदाच्या भरात स्टुलावरून खाली पडले, हा त्या सामन्यातला प्रसंग अमेरिकेत आजही दाखवला जातो. पण हे एकेका रात्रीचे चमत्कार. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद २०२५ पर्यंत या राज्यातील एकाही संघाने जिंकलेले नव्हते.

खेळाडू नाहीत का?

खरे तर इथेच नेहमीचे उत्तर लंगडे पडते. अटलांटा आणि आसपासची उपनगरे ही आज अमेरिकेतील बास्केटबॉलच्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक आहेत. पीक मात्र दुसरेच घेऊन जातात. मॅरिएटाचा जेलेन ब्राउन कॅलिफोर्नियाला गेला आणि २०२४ च्या एनबीए अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वेंडेल कार्टर ज्युनियर ड्यूकला, कॉलिन सेक्स्टन अलाबामाला, आयझॅक ओकोरो ऑबर्नला गेला. स्टेफन कॅसल कनेक्टिकटला गेला आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला.

ऑबर्न विद्यापीठ शेजारच्या अलाबामा राज्यात, अटलांटापासून गाडीने दोन तासांच्या आत. तेही फुटबॉलवेडेच. जानेवारी २०२२ मध्ये ऑबर्नचा बास्केटबॉल संघ इतिहासात पहिल्यांदा देशात पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा त्याचे दोन मोठे आधारस्तंभ जबारी स्मिथ ज्युनियर आणि वॉकर केसलर हे जॉर्जियात वाढलेले होते. संघातला आणखी एक खेळाडू तर आदल्या मोसमात जॉर्जिया विद्यापीठाकडूनच खेळला होता. हाच तो हिवाळा, ज्यात जॉर्जियाने २६ सामने गमावले.

हा ओघ आजचा नाही. न्यूयॉर्क निक्सला दोन एनबीए विजेतेपदे मिळवून देणारा वॉल्ट फ्रेझर अटलांटाच्या सरकारी शाळेत शिकला, पण १९६३ मध्ये त्याला दूर सदर्न इलिनॉय विद्यापीठात जावे लागले. कारण तो कृष्णवर्णीय होता आणि त्या काळी जॉर्जिया विद्यापीठाचे संघ केवळ गोऱ्यांचे होते. जानेवारी १९६१ मध्ये चार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथे प्रवेश घेतला. ११ जानेवारीच्या रात्री बास्केटबॉल संघ जॉर्जिया टेककडून हरला आणि सामना संपल्यावर जमलेल्या जमावाने हंटर राहत असलेल्या वसतिगृहावर दगडफेक केली. पहिल्या कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूला शिष्यवृत्ती मिळायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. तोवर अटलांटातल्या गुणी मुलांना बाहेरचा रस्ता चांगलाच पाठ झाला होता.

यात एक साधे गणितही आहे. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत, बास्केटबॉलला १३. फुटबॉलमध्ये पंचवीस-तीस चांगली स्थानिक मुले दरवर्षी लागतात. त्यातली चार निसटली तरी संघ उभा राहतो. शाळेच्या प्रशिक्षकांशी संबंध, घराजवळचे मैदान, काकांचे-वडिलांचे वेड, हे सगळे कामी येते. बास्केटबॉलमध्ये दरवर्षी तीन-चारच मुले हवी असतात आणि निसटतात ती नेमकी तीच. शिवाय ती शाळेपेक्षा खासगी क्लबांमध्ये आणि बूट कंपन्यांच्या स्पर्धांमध्ये घडतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच देशभर खेळून आलेल्या मुलाला अथेन्स घराजवळ आहे याचे काय अप्रूप?

बरे, एक हिरा हाती लागला तरी पुरत नाही. अटलांटाचा अँथनी एडवर्ड्स २०१९ मध्ये जॉर्जियाकडे आला, सामन्यामागे १९ गुण केले आणि २०२० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. संघाची त्या वर्षीची कामगिरी १६ विजय, १६ पराभव. २०१३ मध्ये केंटेवियस कॉल्डवेल-पोप या राज्यातल्याच मुलाच्या बाबतीतही तेच. तो परिषदेतील सर्वोत्तम खेळाडू, संघाचे विजय मात्र १५ आणि पराभव १७.

फुटबॉल बास्केटबॉलचे पैसे खातो का?

उलट आहे. फुटबॉलची तिकिटे, देणग्या आणि दूरचित्रवाणी हक्क यांतून येणाऱ्या पैशावरच विद्यापीठाचे बाकीचे खेळ चालतात. दुखणे वेगळे आहे. घरात एक कमावता इतका भक्कम असला की दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, याची कुणाला काळजी वाटत नाही. केंटकी किंवा कॅन्ससमध्ये बास्केटबॉल संघ हरला तर विद्यापीठाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. जॉर्जियात जानेवारीत बास्केटबॉल हरत असताना लोकांचे डोळे फुटबॉलच्या अंतिम फेरीवर असतात, ती संपली की नव्या फुटबॉलपटूंच्या भरतीवर आणि मग एप्रिलमधल्या फुटबॉलच्या सराव सामन्यावर. कमतरता पैशाची कमी, निकडीची जास्त.

त्यामुळे धरसोड होत गेली. १९८३ चा संघ घडवणारे ह्यू डरहॅम १९९५ मध्ये गेल्यानंतर आजवर सात प्रशिक्षक झाले. त्यातले टबी स्मिथ सर्वांत आश्वासक होते. १९९६ मध्ये त्यांनी संघाला शेवटच्या १६ मध्ये नेले. १९९७ मध्ये केंटकीने बोलावले, ते गेले, आणि १९९८ मध्ये केंटकीला राष्ट्रीय विजेते करून मोकळे झाले. जिम हॅरिक यांच्या काळात संघ वर येत होता, पण २००३ मध्ये एका सहायक प्रशिक्षकाने, म्हणजे हॅरिक यांच्याच मुलाने, शिकवलेल्या वर्गाची परीक्षा चव्हाट्यावर आली. ‘तीन गुणांच्या बास्केटला किती गुण मिळतात?’ असा प्रश्न त्यात होता. विद्यापीठाने संघच स्पर्धेतून मागे घेतला, हॅरिक गेले. २००२ च्या मार्चमधला विजयही नंतर दप्तरातून पुसला गेला. त्या वर्षी पुढच्या फेरीत जॉर्जियाला हरवणारा संघ होता सदर्न इलिनॉय. फ्रेझरचे विद्यापीठ!

शेजाऱ्यांना कसे जमले?

फ्लोरिडा विद्यापीठातही फुटबॉलचे वेड तसूभर कमी नाही. तरी २००६-०७ मध्ये फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्हींचे राष्ट्रीय विजेतेपद एकाच वेळी त्यांच्याकडे होते. त्यामागे फार गूढ काही नाही. १९९६ मध्ये बिली डॉनोव्हन या अवघ्या तिशीच्या प्रशिक्षकाला आणले आणि २०१५ पर्यंत तो तिथेच राहिला.

त्याहून बोलका दाखला खुद्द अथेन्समध्येच आहे. जॉर्जियाच्या महिला संघाचे प्रशिक्षक अँडी लँडर्स १९७९ मध्ये आले आणि २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्याच स्टेगमन कोलिझियममध्ये, फुटबॉलच्या त्याच सावलीत त्यांनी पाच वेळा फायनल फोर गाठली, दोनदा अंतिम सामना खेळला. त्यांची तेरेसा एडवर्ड्स ही दक्षिण जॉर्जियातील कायरो या छोट्या गावची मुलगी. तिने पुढे ऑलिम्पिकची चार सुवर्णपदके जिंकली. स्थानिक मुलगी, घराजवळचे विद्यापीठ आणि ३६ वर्षे एकच प्रशिक्षक. पुरुष संघाला यातले एकही सलगपणे जमले नाही.

आता काय बदलते आहे?

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येते. २०२५-२६ पासून विद्यापीठे थेट पैसेही देऊ शकतात, वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सर्व खेळ मिळून. फुटबॉलवेड्या विद्यापीठांत त्याचा मोठा घास फुटबॉललाच जाणार, हे उघड आहे. पण बास्केटबॉलला पाच खेळाडू मैदानात लागतात, त्यामुळे लहान वाट्यातही बरेच काही होऊ शकते. जॉर्जियाची परिषद, म्हणजे एसईसी, हे आधीच दाखवते आहे. २०२५ च्या मार्चमध्ये या परिषदेच्या १६ पैकी १४ संघांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला, जो विक्रम आहे.

त्या १४ मध्ये जॉर्जियाही होते, दहा वर्षांनी. प्रशिक्षक माइक व्हाइट २०२२ मध्ये फ्लोरिडा सोडून अथेन्सला आले होते. फ्लोरिडाने त्यांच्या जागी टॉड गोल्डन यांना नेमले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइट यांच्या संघाने स्टेगमनमध्ये फ्लोरिडाला ८८-८३ असे हरवले आणि विद्यार्थी मैदानात धावले. संपूर्ण मोसमात फ्लोरिडाने गमावलेल्या चार सामन्यांपैकी तो एक. पुढच्या महिन्यात जॉर्जिया पहिल्याच फेरीत गोन्झागाकडून ८९-६८ असे बाद झाले आणि ७ एप्रिलच्या रात्री फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे नमवून तिसऱ्यांदा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.