फोन हातात आहेच, एक शब्द शोधा

अकोले स्टँडवर राजूरची एसटी लागेपर्यंत फोन प्रत्येकाच्या हातात असतो. त्यातली पाच मिनिटं एखाद्या शब्दाचं मूळ शोधायला द्या, एवढंच माझं मागणं आहे. मोल्सवर्थचा 1857चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश हे सगळं पूर्वी मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात जाऊन पाहावं लागे. आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते फुकट उघडतं. शब्दांच्या उगमावर मराठीत नेमानं लिहिणारेही आहेत. त्यांना वाचा.

रोजच्या कागदांपासून सुरुवात करा. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12, दोन आकडे जोडून झालेला शब्द. जिल्हा हा शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू आणि पुढे मुलखाचा एक भाग. तालुकाही अरबीच, त्याच्या मुळाशी 'संबंध' हा अर्थ आहे. आणि ज्याचा सातबारा काढायचा ते शेत संस्कृत 'क्षेत्र'पासून आलेलं.

इथेच खरी गंमत सुरू होते. आपण शेत म्हणतो, हिंदीत खेत म्हणतात. आपली माशी, त्यांची मक्खी. आपली कूस, त्यांची कोख. अगस्ती साखर कारखान्यावर जाणारा ऊस आणि उत्तर प्रदेशातली ईख, दोन्ही 'इक्षु'ची लेकरं. संस्कृतातल्या 'क्ष'चा मराठीत बऱ्याचदा स किंवा श झाला, हिंदीत ख झाला. एकदा हे लक्षात आलं की बाजारात कानावर पडणारे शब्दही वेगळे ऐकू येऊ लागतात. मग 'रक्ष'पासून मराठीतही 'राखण' कशी आली, हा प्रश्न पडतो, आणि तो पडायलाच हवा. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं अशाच प्रश्नांचा पाठपुरावा करत मराठीच्या घडणीवर अख्खा ग्रंथ लिहिला.

मात्र व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत्येक व्युत्पत्ती खरी मानू नका. दोन शब्दांचा उच्चार जुळला म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. लिहिणारा कोशाचा आधार देतो का, शब्दाचा जुना वापर दाखवतो का, शेजारच्या भाषांत डोकावतो का, ते बघा. जो सगळे शब्द एकाच भाषेतून आल्याचं ठासून सांगतो, त्याच्यावर वेळ घालवू नका. जो 'इथे निश्चित सांगता येत नाही' असं लिहितो, त्याला धरून राहा.

आता आपल्या डांगाणाकडे, म्हणजे तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्याकडे वळू. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी. बारी म्हणजे खिंड, आणि हाच शब्द पार बागलाणात सेलबारी-डोलबारी या डोंगररांगांच्या नावांत भेटतो. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून भाजतात तो राब. इतरत्र जिला भातलावणी म्हणतात ती आपली आवणी. असे कितीतरी शब्द घराघरांत आहेत. ते कोशात शोधून बघा. काही सापडतील, काहींचा तिथला अर्थ वेगळा निघेल. जे सापडणार नाहीत त्यांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी वाणं जपल्याबद्दल. वाण गेलं की त्याचं नावही तोंडातून जातं, हे आपल्या अकोले तालुक्याला वेगळं सांगायला नको.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठी बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावच्या माणसांचं बोलणं इंटरनेटवर ठेवलं आहे. ते ऐका, पोरांना ऐकवा. त्यांच्या बोलण्याला शाळेत कुणी हसलं असेल तर हे आधी ऐकवा.

आणि यंदाच्या आवणीत आजी बांधावर टेकली की फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. तिला विचारून, तिच्या परवानगीनं. अवजारांची, गवतांची, पावसाच्या प्रकारांची नावं तिच्या तोंडून घ्या. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, गावाचं नाव आणि तारीख लिहा. मूळ नंतर शोधता येईल, आधी शब्द नोंदवून ठेवा.