संगणकातला हिशेब मोडला तर



बेलवली परिसरातून रोज सकाळी लोकल गाठणाऱ्यांत आपल्या घरच्या कितीतरी मुली-मुले आहेत. कोणी अंबरनाथच्या कारखान्यात, कोणी उल्हासनगरच्या दुकानात टॅलीवर हिशेब लिहितात. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन कोर्स करविला, त्यावर आज घर चालते. पण एखाद्या सकाळी कंपनीचा डेटाच उघडला नाही, तर पहिला सवाल त्या मुलीलाच होतो : "तू काय केलंस?" म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर.

डेटा मोडतो कसा? जुन्या पेढीत एकच व्यवहार रोजकीर्दीत आणि खतावणीत, दोन्हीकडे लिहीत. संगणकातही एका व्हाउचरची नोंद, खाते आणि मालाचा साठा यांची सांगड घालावी लागते. लिहिणे चालू असताना वीज गेली, नेटवर्कची तार सुटली किंवा डिस्क झिजली, की ती सांगड तुटते. यात टाइप करणाराचा दोष असतोच असे नाही.

अशा वेळी पहिले काम म्हणजे थांबणे. नवी नोंद करू नये. इतर संगणकांवरूनही टॅली बंद करावी. मग आकड्यांच्या नावाचे कंपनीचे संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. मूळ फोल्डर बाजूला ठेवावे, त्याला हात लावू नये. जो काही प्रयोग करायचा तो नकलेवर.

त्या नकलेवर दुरुस्ती चालवावी. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून 'डेटा' मध्ये 'रिपेअर' मिळते. जुन्या ईआरपी 9 मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आर एकदम दाबतात. कंपनी उघडली म्हणून लगेच हुश्श करू नये. जी नोंद जोडता येत नाही, ती दुरुस्तीत गळूही शकते. म्हणून तेरीज जुळवावी, बँकेचे उतारे ताडून पाहावेत आणि 'स्टॅटिस्टिक्स' मध्ये व्हाउचरांची संख्या पाहावी.

दुरुस्ती लागू पडली नाही तर शेवटचा बॅकअप घ्यावा. तो मात्र नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावा. जुन्याच जागी उतरवला तर तिथले पुसून जाते. मधल्या दिवसांच्या नोंदी बिलबुकावरून आणि बँकेच्या उताऱ्यावरून पुन्हा भराव्यात. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाल्याने आणखी एक आधार आहे. भरलेल्या जीएसटीआर-1 मध्ये नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिलावार मिळते, तर जीएसटीआर-2बी मध्ये पुरवठादारांनी दाखवलेली आपली खरेदी मिळते. किरकोळ विक्री मात्र तिथे एकत्रित असते. ती बिलबुकातूनच काढावी लागते.

आपला भाग उल्हास नदीकाठचा. 26 जुलै 2005 चा पूर कोण विसरेल? 2019 आणि 2021 च्या जुलैतही बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. भिजलेला संगणक चालतो का हे पाहायला बटण दाबू नये. डिस्क घरी उघडू नये, उन्हात वाळवून जोडूही नये. ती डेटा काढणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी.

त्याच संगणकात ठेवलेला बॅकअप संगणकाबरोबरच बुडतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या इमारतीत, उंचावर असावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये. मालक कुरकुरला तर त्याला सांगावे की जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात.

आणि भगिनींनो, एक साधी वही घाला. रोज संध्याकाळी तारीख, बॅकअप कुठे ठेवला आणि व्हाउचरांची संख्या लिहा, खाली मालकाची किंवा मॅनेजरची सही घ्या. दुरुस्तीत किती नोंदी गळाल्या हे त्या संख्येवरूनच कळेल. उद्या दोष अंगावर आला तर हीच वही तुमच्या बाजूने बोलेल. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे 1936 च्या वेतन कायद्यात होते. तेच 2019 च्या वेतन संहितेतही आहे. पण संधी मिळाल्यावर मांडायला हातात कागद हवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी आज संध्याकाळी कामावरून आलेल्या लेकीला एवढेच विचारावे : "बॅकअप घेतलास का, बाळा? सही घेतलीस का?"