नावात काय आहे? गाव आहे!

तुमच्या प्लेलिस्टमधल्या शेवटच्या गाण्याचं कव्हर आठवतंय का? नाही ना? साहजिक आहे. एलपीचं कव्हर बारा इंचांचं होतं. 1940च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने रेकॉर्डच्या साध्या वेष्टनावर चित्रं काढायला घेतली आणि कव्हर हा माल विकायचा फंडा झाला. मग कॅसेट आली, सीडी आली, कव्हर आक्रसत गेलं. आता अ‍ॅपवाले 3000 बाय 3000 पिक्सेलचा मोठ्ठा चौकोन मागून घेतात आणि आपण तो बसमध्ये लटकत अंगठ्याच्या नखाएवढा बघतो!

सध्या हा नखभर चौकोन आमच्या ग्रुपमध्ये जाम गाजतोय. माझा एक मित्र मंचरचा. आठवडाभर हिंजवडीत कोडिंग, शनिवार-रविवार घरी गाणी. लेबल नाही, मॅनेजर नाही, साठवलेल्या पगारातून पाच गाण्यांचा पहिला अल्बम. डिझायनरने कव्हर दिलं : धुकं, सह्याद्रीची एक रेघ, कोपऱ्यात बारीक रोमन अक्षरांत नुसतं पहिलं नाव. दिसायला एकदम सही. पण फोनवर छोटं केलं की राखाडी डाग.

मित्राला हवं होतं ‘मंचरकर’. देवनागरीत, ठळक. डिझायनर म्हणाला, “अरे, मंचर म्हटलं की लोकांना कांदा-बटाट्याचं मार्केट आठवतं.” मित्र गप्प बसला. ऑफिसात बोलताना गावाकडचा हेल गिळायला शिकलेला मुलगा तो, असल्या वाक्याला लगेच दबतो. मला मात्र हे पटेना. गावामागचा डोंगर कव्हरवर चालतो आणि गावाचं नाव तेवढं नको?

मी त्याला नारायणगावची आठवण करून दिली. मंचरहून नाशिक हायवेने थोडं पुढे. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रेची मंडळी येतात, राहुट्या फिरतात, सुपारी ठरवतात. फडाचा मालक स्वतःच प्रोड्यूसर, मॅनेजर आणि मार्केटिंग हेड. याहून इंडिपेंडंट म्युझिक कुठलं दाखवता? आणि ब्रँडिंग बघा : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे करवडीकर. नावातच गाव! विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. 2002 मध्ये त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं, त्यातही ‘नारायणगावकर’ आहेच. फडाचा बोर्ड भडक असतो, मान्य. पण पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं, हे गावाला पक्कं आठवतं.

आणि हा निर्णय नंतर बघू म्हणून टाळण्यातला नाही बरं का. अ‍ॅपवर कलाकाराचं जे नाव नोंदवाल, तेच कव्हरवर लागतं. पुढे बदललं तर जुनी गाणी एका नावावर, नवी दुसऱ्या. कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट, किंमत यातलं काही चालत नाही. (म्हणजे फडाचा बोर्ड इथे पहिल्याच फेरीत बाद!) उरतं काय, तर नाव.

शेवटी ‘मंचरकर’ राहिलं. धुकं निम्मं गेलं, डिझायनर पूर्ण रुसला. रंग मात्र त्यानेच सुचवलेला, हळदीचा, आणि तो अफलातून आहे.

शोनंतर हातोहात विकायला शंभर सीडी काढायच्यात. प्लॅस्टिकची डबी नको. जाड तपकिरी पुठ्ठ्याचं पाकीट, त्यावर एकाच रंगात छपाई. स्वस्त पडतं आणि फुटत नाही. पाकिटाच्या कडेवरही नाव हवं, नाहीतर गठ्ठ्यात सीडी सापडायची नाही. फक्त स्क्रीनवरची ती झगझगीत हळद कागदावर, त्यातून तपकिरी पुठ्ठ्यावर, हमखास मळकी उतरते. म्हणून शंभरची ऑर्डर द्यायच्या आधी प्रेसमध्ये उभं राहून एक नमुना छापून घ्यायचा. शनिवारी आम्ही दोघं तेच करणार आहोत.