टीडीएस मीटरवर १५० आलं, म्हणजे पाण्यात आर्सेनिक नाही का?

आरओ विकायला आलेला सेल्समन पेनासारखा मीटर पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरातले एकतर घाबरतात किंवा निर्धास्त होतात. पण शिसं, आर्सेनिक, कॅडमियम अशा विषारी धातूंबद्दल हा आकडा जवळपास काहीच सांगत नाही.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. १५० म्हणजे लिटरमागे साधारण १५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची भारतीय मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे आर्सेनिक मर्यादेच्या दसपट असलं, तरी मीटर १५० च दाखवणार.

मग ते ओळखायचं कसं? त्यासाठी नेमक्या त्या धातूला प्रतिसाद देणारी रासायनिक चाचणी लागते. बांगलादेशने ती फार मोठ्या प्रमाणावर वापरली. जुलाब, कॉलरा टाळायला तिथे १९७० च्या दशकापासून गावोगाव हातपंप बसवले गेले. जंतू टळले, पण जमिनीखालचं आर्सेनिक पाण्यातून पोटात जात राहिलं. त्याला चव नाही, वास नाही, उकळूनही ते जात नाही. १९९० च्या दशकात हे उघड झालं.

त्यानंतर सुमारे ५० लाख हातपंप फील्ड किटने तपासले गेले. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघतो आणि तोंडाशी लावलेला मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद पिवळा, जास्त असेल तर तपकिरी होतो. दूषित पंपाला लाल रंग, बाकीच्यांना हिरवा. शेजारशेजारच्या पंपांतही मोठा फरक निघाला. त्यामुळे अनेक कुटुंबं शेजाऱ्यांच्या हिरव्या पंपावर जाऊ लागली.

गोची अशी, की कागदाचा रंग डोळ्यांनी ठरवायचा. पिवळा नेमका किती पिवळा? शिवाय बांगलादेशची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे भारताच्या पाचपट. तिथला हिरवा पंप इथे नापास होऊ शकतो.

नवे सेन्सर डोळ्यांवर विसंबत नाहीत. एका प्रकारात इलेक्ट्रोडवर आधी धातू जमा करतात, मग व्होल्टेज हळूहळू बदलतात. प्रत्येक धातू आपापल्या व्होल्टेजला सुटतो आणि किती करंट मिळाला त्यावरून प्रमाण कळतं. शिसं, कॅडमियमसाठी ही पद्धत चांगली चालते. पण विहिरी-नदीच्या पाण्यातले इतर धातू आणि कुजलेला पालापाचोळा मोजमाप बिघडवतात, म्हणून शंका आली की नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो.

तिथेही बोअरवेलचं पाणी देताना नुसतं ‘टेस्ट करा’ म्हणून भागत नाही. आर्सेनिक, शिसं अशी धातूंची नावं घेऊन चाचणी मागावी लागते.