मुळे शोधा, पण आजोबांचे आजारही विचारा

"डॉक्टर, मुलाने अमेरिकेत लाळेची डीएनए चाचणी करून घेतली. आपले मूळ कुठले ते टक्क्यांत आले आहे. त्यावरून पुढे कुठले आजार होतील ते कळेल का?" हिंजवडी-पौड भागातल्या ज्या घरांतली मुले परदेशात आहेत, तिथले पालक हल्ली हा प्रश्न विचारतात.

माझे मत स्पष्ट आहे. मुळांचा शोध जरूर घ्या, त्यात आनंद आहे. मात्र आरोग्यासाठी त्या टक्क्यांपेक्षा घरातल्या आजारांची माहिती कितीतरी जास्त उपयोगी पडते.

मॉरिशसचे उदाहरण पाहा. १८३४ पासून पुढच्या काही दशकांत भारतातून सुमारे साडेचार लाख मजूर करारावर तिथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, विशेषतः कोकणातली, मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी जपल्या आहेत: नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. त्यांवरून आज त्यांचे वंशज मूळ गाव शोधतात. तिथले चिनी वंशाचे लोकही दक्षिण चीनमधली आपली गावे शोधत जातात.

आता याच बेटावरची दुसरी नोंद. १९८७ मध्ये तिथे मधुमेहाची मोठी पाहणी झाली. हिंदू, मुस्लिम, क्रिओल आणि चिनी अशा चारही गटांत दहा टक्क्यांहून अधिक प्रौढांना मधुमेह आढळला. मुळे वेगवेगळ्या खंडांतली, आजार एकच! कारण बेट एक, बाजार एक आणि बदललेले राहणीमानही एकच.

मग वंशाला काहीच अर्थ नाही का? आहे. फिट्सवरचे कार्बामाझेपिन काही चिनी वंशाच्या रुग्णांत त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया घडवते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी त्यांची एक जनुकीय चाचणी करतात. आपल्या लोकांत वजन फारसे नसतानाही पोटावर चरबी साठते. म्हणून पुरुषांचा कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पण हे समजायला लाळ पाठवावी लागत नाही. आपण भारतीय आहोत एवढे माहीत असले तरी पुरे.

त्याऐवजी एक वही घ्या आणि तीन पिढ्यांची माहिती लिहा:

१. मधुमेह किंवा रक्तदाब कोणाला, कितव्या वर्षी सुरू झाला?
२. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला का?
३. स्तनाचा, अंडाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग कोणाला?
४. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्ने झाली का? लहानपणी दगावलेली मुले किती?
५. थॅलेसेमिया किंवा वारंवार रक्त द्यावे लागणारा आजार कोणाला?

'छातीत कळ येऊन गेले', 'पायाची जखम भरलीच नाही' असे मोघम सांगितले तरी तसेच लिहा. अर्थ डॉक्टर लावतील.

हे काम मुळशीत जास्त निकडीचे आहे. शंभर वर्षांपूर्वी धरणासाठी इथली गावे पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह होऊनही माणसे पांगली. आता नातवंडे त्याहून दूर गेली आहेत. अशा घरांत आजारांची आठवण फक्त म्हाताऱ्या माणसांपाशी उरते आणि त्यांच्याबरोबरच जाते. म्हणून यंदा मुले सुट्टीला आली की आजीशेजारी बसवून वही भरून घ्या आणि त्या पानांचा फोटो सगळ्या भावंडांना पाठवा.

शेवटी एक इशारा. "आमच्या घराण्यात साखर नाही" याचा अर्थ बऱ्याचदा कोणी तपासलीच नाही, एवढाच असतो. वही कोरी राहिली, तरी तिशीनंतर साखर आणि रक्तदाब तपासून घ्याच.