राक्षसाशी लढाई आणि थांबण्याचे शहाणपण

दोन महिन्यांपूर्वी राहुरीकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला, वय वीस, सुट्टीसाठी घरी आलेला. डोळे लाल, पित्ताचा त्रास, पाठ धरलेली, वजनही थोडे उतरलेले. मी त्याला काय होते ते विचारले, पण उत्तर वडिलांनीच दिले.

"डॉक्टरसाहेब, पोरगं रातभर जागतंय. इचारलं तर म्हणतं, बॉसशी लढाई होती. अजून नोकरीचा पत्ता नाही, अन् ह्याला बॉस कुठून आला?"

मला हसू आले. मुलाला मात्र आले नाही. वडिलांना बाहेर बसवून मी त्याला म्हटले, "अरे, मला तरी सांग, हा बॉस म्हणजे कोण?" सुरुवातीला तो संकोचला. पण ऐकून घेणारा भेटला म्हटल्यावर अर्धा तास भरभरून बोलला. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी मी त्याला थांबवले नाही. त्याने जे सांगितले ते नंतर मी स्वतः वाचून पाहिले. त्यातून एक डॉक्टर म्हणून मला जे उमगले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

या खेळांत ठिकठिकाणची मुले आपापल्या संगणकावर बसून एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, तर कुणी चक्क वैद्य. वैद्याचे काम जखमी साथीदारांना बरे करण्याचे. प्रत्येक गुहेच्या किंवा गडाच्या शेवटी एक महाराक्षस असतो, त्याला ही मुले 'बॉस' म्हणतात. तो एकट्यादुकट्याला दाद देत नाही. वीस-वीस, चाळीस-चाळीस जणांनी कामे वाटून घ्यायची, प्रत्येकाने आपली जागा सांभाळायची, चुकले की सगळ्यांनी मरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लढायचे.

हे ऐकताना मला आपला रक्तबीज आठवला. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर जाणाऱ्यांना आणि घरी सप्तशतीचा पाठ करणाऱ्यांना त्याची कथा ठाऊक आहे. या असुराच्या रक्ताचा एक थेंब जमिनीवर पडला की त्यातून तसाच दुसरा असुर उभा राहायचा. जितके घाव घालावेत तितके असुर वाढायचे. शेवटी कालीने त्याचे रक्त जमिनीवर पडूच दिले नाही, तेव्हा तो संपला. म्हणजे नुसते घाव घालून भागले नाही, प्रसार थांबवावा लागला. साथीच्या रोगाचे वर्णन याहून नेमके क्वचितच सापडेल.

आणि खरोखरच अशा एका राक्षसाने खेळात साथ आणली होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीचा खेळ २००४ साली आला. १३ सप्टेंबर २००५ रोजी त्यात एक नवा गड उघडला. वीस जणांनी मिळून जिंकायच्या या गडाच्या शेवटी हक्कार नावाचा पंख असलेला सर्पदेव होता. तो मधूनमधून सर्वांचे रक्त शोषून स्वतः ताजातवाना व्हायचा. त्यावर तोड म्हणजे खेळाडूंनी मुद्दाम विषारी ढगात उभे राहून आपले रक्त विषारी करून घ्यायचे. ते रक्त प्याल्यावर हक्कारच घायाळ होई.

पण हक्कारपाशी आणखी एक अस्त्र होते, दूषित रक्ताची बाधा. ती एकाला झाली की जवळ उभ्या असलेल्यांनाही लागे आणि प्रत्येकाची ताकद झपाट्याने खाई. ही बाधा गडाच्या आतच राहावी, असा खेळ रचणाऱ्यांचा हेतू होता. एक फट मात्र राहून गेली. काही खेळाडूंजवळ पाळलेली जनावरे असतात. बाधा झालेले जनावर त्यांनी लढाईच्या मध्येच परत पाठवले आणि नंतर शहरात जाऊन पुन्हा हाक मारून बोलावले. जनावर आले ते बाधा घेऊनच. भर बाजारपेठेत लागण सुरू झाली. कसलेले खेळाडू कसेबसे तग धरून राहत. नव्याने खेळायला आलेली, कमी ताकदीची पात्रे मात्र क्षणात मरत. आयर्नफोर्ज आणि ऑर्गरिमार या मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर सांगाड्यांचा खच पडला. दुकानदार वगैरे जी पात्रे संगणकच चालवतो, ती स्वतः मरत नसत, पण येणाऱ्याजाणाऱ्याला रोग देत राहत. वैद्यकीय भाषेत सांगायचे तर ते लक्षणविरहित वाहक होते.

वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात ही खेळण्यातली साथ कशाला? पण संसर्गरोगांच्या अभ्यासकांनी तिची गंभीर दखल घेतली. २००७ साली 'एपिडेमिऑलॉजी' या नियतकालिकात रॅन बॅलिसर यांनी आणि 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी तिच्यावर लिहिले. कारण उघड होते. साथ कशी पसरेल याचे गणित कागदावर मांडता येते, पण भ्यालेला, कुतूहल असलेला, कधी परोपकारी तर कधी खोडकर असलेला माणूस त्या गणितात नीट बसत नाही. इथे तो दिसत होता. काहीजण घाबरून शहर सोडून पळाले आणि जाताना रोग बरोबर घेऊन गेले. काहीजण नुसते बघायला म्हणून शहरात आले आणि बाधित झाले. काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवला. कंपनीने लोकांना वेगळे राहण्यास सांगून पाहिले, ते कुणी फारसे जुमानले नाही. शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करून आणि पाळीव जनावरांना लागण होऊच नये असा बदल करून साथ आवरावी लागली.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना यातले काय अनोळखी आहे? मुंबई-पुण्याहून गावाकडे निघालेल्या गाड्या, वेशीवर टाकलेले बाभळीचे काटे, 'बघून तर येऊ' म्हणत जमलेली गर्दी, सगळे आपण पाहिले आहे.

या अभ्यासकांनी नोंदवलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. ती खेळातल्या वैद्यांबद्दल आहे. शहरात माणसे मरू लागली तेव्हा ही मंडळी मदतीला धावली आणि बाधितांना ताकद देऊन जगवू लागली. हेतू चांगलाच होता. पण रोग गेलेला नव्हता, नुसता माणूस उभा राहिला होता. उभा राहिला म्हणून तो चालू लागला आणि आणखी चौघांना रोग देत गेला. वैद्य स्वतःही बाधित झाले.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडे एक तरुण आला होता. ताप बारीक होता, अंग दुखत होते. मी तापाची गोळी दिली, तपासणी करून घ्यायला सांगितले आणि पुढचा पेशंट बोलावला. त्या दिवशी दवाखान्यात उभे राहायला जागा नव्हती. जाताना तो म्हणाला, "डॉक्टर, उद्या घरात चुलतबहिणीची हळद आहे, ताप उतरला म्हणजे झालं." मी मान हलवली. त्याला खुर्चीत बसवून, 'हळदीला जायचे नाही, वेगळ्या खोलीत राहायचे', असे मी ठासून सांगायला हवे होते. ते सांगितले नाही. गोळीने ताप उतरला आणि तो हळदीत मिसळला. आठ दिवसांत त्या घरातली दोन माणसे रुग्णालयात होती. त्यातली आजी परत आली नाही. पंधरा वर्षे ती माझ्याकडे मधुमेहाच्या गोळ्या न्यायला यायची आणि येताना परसातली कढीपत्त्याची डहाळी आणायची. लागण त्या मुलाकडूनच झाली हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. त्या घरातल्या कुणी मला बोलही लावला नाही. पण त्या दिवशी मी ताप थांबवला, माणसाला थांबवले नाही, हे मला माहीत आहे.

थांबवता येते, हेही आपल्याच जिल्ह्याने दाखवले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये कोरोनामुक्त झाले. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांची पथके घरोघर फिरली, लक्षणे असलेल्यांना वेळीच वेगळे केले गेले. त्यासाठी कुठले नवे अस्त्र लागले नाही. प्रत्येकाने ठरलेली जागा सांभाळली. त्या मुलाच्या भाषेत सांगायचे तर सगळी तुकडी एका सूत्राने खेळली. फरक एवढाच, आणि तो विसरू नये, की खेळात मेलेला पुन्हा उठतो.

थांबण्याचा दुसरा धडा स्वतःच्या शरीराबाबतचा आहे. 'फायनल फँटसी इलेव्हन' हा जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा खेळ २००२ सालचा. त्यात पँडेमोनियम वॉर्डन नावाचा एक बॉस होता. ऑगस्ट २००८ मध्ये एका तुकडीने त्याच्याशी सलग अठरा तासांहून अधिक वेळ झुंज दिली. बॉस नवनवी रूपे घेत राहिला. इकडे खेळणाऱ्यांपैकी कुणाला भोवळ आली, कुणी आजारी पडले. शेवटी त्यांनी माघार घेतली. पुढे कंपनीने खेळात बदल करून या लढतीला दोन तासांची मर्यादा घातली. हा खेळ सुरू करताना पडद्यावर एक सूचनाही येते. घर, मित्र, शाळा आणि काम विसरू नका, असा तिचा आशय आहे. ज्या तुकडीने माघार घेतली, तिला अनेकजण हसले असतील. डॉक्टर म्हणून विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच होता.

सलग बसून राहिल्याने पाठ आणि मान धरते, पायांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि क्वचित प्रसंगी शिरेत गुठळी होऊ शकते. जेवणाच्या वेळा चुकल्या की पित्त वाढते. झोपेची भरपाई चहाने होत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि मोठ्यांना किमान सात तास झोप लागतेच. बॉस मरायच्या बेतात असताना मेंदू इतका चेतवलेला असतो की खेळ बंद केल्यावरही झोप लगेच लागत नाही, म्हणून झोपण्याआधी तासभर पडदा बंद असावा. खेळताना दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे आणि पाणी प्यावे.

पालकांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे. मूल खेळते म्हणून लगेच 'व्यसनी' हा शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याची लक्षणे ठरलेली आहेत. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे किमान बारा महिने चालणे. असे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास सुरू असतो. बाकीच्या मुलांच्या बाबतीत मोबाइल हिसकावून घेण्याआधी एकदा विचारून पाहावे, "कुणाशी लढतोयस? तुझे काम काय असते? आणि तुम्ही थांबता कधी?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

त्या मुलाला मी तोच प्रश्न विचारला होता. त्याच्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला अठरा तास लढलेल्या तुकडीची गोष्ट सांगितली, तेव्हा तो विचारात पडला. खेळ सोड असे मी म्हटले नाही. लढाईची वेळ ठरव, आणि ती तुझ्या तुकडीतल्या सर्वांना सांग, एवढेच म्हटले. वडिलांना आत बोलावून, पोराला रोज सकाळी मळ्यात न्या, असेही सुचवले.

गेल्या आठवड्यात वडील खोकल्याचे औषध न्यायला आले होते. मी मुलाची चौकशी केली. "आता साडेदहाला बंद करतो साहेब. त्याच्या गड्यांनीबी मान्य केलंय म्हणे." मग थोडे थांबून म्हणाले, "तो बॉस काय अजून मेला नाही. पण पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या."